उणे एकतीस अंशांबद्दल आभार

प्रिय मुली,

तुझं नाव लिहीत नाही. "मॅडम, जाहीर काही लिहिलंत तर माझं नाव नको," असं तू बजावलं होतंस आणि तुझं ऐकायची मला एव्हाना सवय झाली आहे. खरं तर तू विद्यार्थिनी, मी शिक्षिका. पण तू वेगळ्या विभागाची आणि मी वनस्पतिशास्त्राची. माझ्या प्रयोगशाळेत तू आली होतीस ती उसना दिलेला मल्टिमीटर परत न्यायला. टेबलावर उकडलेल्या बियांचा ट्रे बघून थांबलीस, म्हणून हे पत्र.

बिया रुजवायची ती पेटी मी स्वतः जुळवली होती आणि मला तिचा फार अभिमान होता. आत एक बल्ब, तापमान मोजणारा एक एलएम३५ सेन्सर, बाहेर प्रोग्राम चालवणारा आर्डुइनो ऊनो हा छोटा बोर्ड आणि बल्ब चालू-बंद करणारा रिले. तापमान २९ अंशांच्या खाली गेलं की बल्ब लागायचा, ३० च्या वर गेलं की विझायचा. प्रोग्राम इकडून तिकडून उचललेला, पण चार दिवस पेटी शहाण्यासारखी वागली. पाचव्या दिवशी दुपारी खोलीच तापली आणि पेटीतला बल्ब जो लागला तो विझेचना. काचेच्या थर्मामीटरमधला पारा पन्नाशी ओलांडून गेला होता. मी रिले बदलला. मग सेन्सर बदलला. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच.

हे सगळं रामायण ऐकून तू एवढंच विचारलंस, "तो काय वाचतोय ते छापून बघितलंत का?"

मी म्हटलं, याला स्क्रीन कुठाय? तू बोट दाखवलंस त्या यूएसबी केबलकडे. जिच्यातून मी रोज प्रोग्राम चढवत होते, तिच्यातूनच तो उलट बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. सेटअपमध्ये, म्हणजे सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, एक ओळ, लूपमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा चालणाऱ्या भागात, एक ओळ, आणि लॅपटॉपवर सीरियल मॉनिटरची खिडकी उघडायची. उघडली, तर उलटे प्रश्नचिन्ह, चौकोन, न वाचता येणारा कचरा. मी लगेच म्हटलं, बघ, चिपच बिघडली आहे. तू हसलीस. बिघडलेली चिप इतक्या नेमाने कचरा पाठवत नाही म्हणालीस.

मग कागदावर ती रेघ काढून दाखवलीस. गप्प असताना वर असलेली तार एकदा खाली येते, तो 'सुरू' असा इशारा. मग आठ बिट, प्रत्येक शून्य किंवा एक, मग शेवटचा एक बिट वर. एका अक्षराला दहा बिट. सोबत घड्याळाची वेगळी तार नसते, म्हणून किती वेळाने बघायचं हे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घ्यावं लागतं. माझा प्रोग्राम सेकंदाला ९६०० बिटांनी बोलत होता, म्हणजे एक बिट साधारण १०४ मायक्रोसेकंदांचा. खिडकी मात्र ११५२०० वर लावलेली. बोलणारा संथ आणि ऐकणारा बारा पट घाईत! खिडकीतला वेग बदलल्याबरोबर आकडे सरळ उभे राहिले: २९, २९, २९. माझ्या पेटीने मला म्हटलेला तो पहिला शब्द.

इथे एका गोष्टीची आठवण करून देते, कारण त्या अख्ख्या संध्याकाळी मी तुला सांगू शकले अशी ती एकच होती. ओळ संपली की प्रत्यक्षात दोन अक्षरं जातात, १३ आणि १०, असं तू म्हणालीस. पण दोन का, हे तुला ठाऊक नव्हतं. मी टाइपरायटरवर शिकलेली. दांडा ढकलून कॅरेज ओळीच्या सुरुवातीला आणायची हे एक काम आणि कागद एक ओळ वर सरकवायचा हे दुसरं. टेलिप्रिंटरलाही ही दोन कामं वेगवेगळी सांगावी लागत. तो दांडाही गेला, ती कॅरेजही गेली, आणि माझी पेटी अजून इमानाने दोन्ही हुकूम सोडते आहे. या बोलण्याच्या वेगाचं माप म्हणजे बॉड; तो शब्द एमिल बोदो या फ्रेंच तारयंत्र अभियंत्याच्या नावावरून आला, हे मी नंतर शोधून काढलं. तुला सांगायचं राहून गेलं होतं.

तर, आकडे. तू मला सेन्सर चिमटीत धरायला सांगितलंस. ३०, ३०, ३१, ३१, ३१ आणि मग एकदम उणे ३१. परत उणे ३१. मग उणे ३०.

बल्ब का विझत नव्हता ते मला त्याच क्षणी कळलं. पेटीच्या मते आत बर्फाहून कडक थंडी पडली होती. ती बिचारी बिया वाचवण्यासाठी जिवाच्या आकांताने ऊब देत होती. पण उणे का, हे काही कळेना. आकडा तोच, फक्त चिन्ह उलटं, म्हणून मी वायर उलटी लागली असेल असं धरून चालले. तुला उत्तर तेव्हाच कळलं होतं, हे मला आज पक्कं ठाऊक आहे. तरी तू सांगितलं नाहीस. "हिशेब नका छापू मॅडम, आधी कच्चा आकडा छापा. त्याच्या शेजारी हिशेब," म्हणालीस आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवलास.

कच्चा आकडा, म्हणजे सेन्सरकडून आलेला, अजून अंशांत न बदललेला, ६० होता. बोटांच्या उबेने ६१, ६२ करत ६५ पर्यंत चढला, मग ६६, ६७, ६८. कुठेही उडी नाही. उडी होती ती शेजारच्या रकान्यात, बरोबर ६५ आणि ६६ च्या मधे. म्हणजे सेन्सर निर्दोष, वायर निर्दोष, मी फेकून दिलेला पहिला सेन्सरही निर्दोष. गुन्हेगार त्या दोन रकान्यांच्या मधे कुठेतरी होता, आणि तिथे एकच ओळ होती: कच्चा आकडा गुणिले ५००, भागिले १०२४. ऊनो पाच व्होल्टचे १०२४ भाग करतो आणि एलएम३५ दर अंशाला दहा मिलिव्होल्ट देतो, त्यामुळे सूत्र चूक नव्हतं. लॅपटॉपवर हाच गुणाकार केला असता तर उत्तर बरोबरच आलं असतं.

मग तू विचारलंस, "६६ गुणिले ५०० किती?" तेहतीस हजार. "आणि यातला इंट केवढा मोठा?" मला सांगता आलं नाही. इंट म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा; या चिपवर ती सोळा बिटांची, ३२७६७ च्या पुढे जागाच नाही. ६५ गुणिले ५०० म्हणजे ३२५००, ते मावतात. ३३००० मावत नाहीत. ते उलटून उणे ३२५३६ होतात, आणि त्याला १०२४ ने भागलं की उणे ३१. गुणाकार ओसंडून गेला आणि प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने हूं की चूं केलं नाही. उपाय केवढा? ५०० नंतर लगेच एक एल (L) लावायचा, की गुणाकार बत्तीस बिटांत होतो. एका अक्षरापायी बियांचे दोन ट्रे गेले माझे.

त्या रात्री घरी मी कागद घेऊन बसले. सोळा बिटांत एकूण ६५५३६ आकडे मावतात; त्यांना १०२४ ने भागलं की ६४ येतात. म्हणून ३२ अंशांच्या उंबरठ्यावर ही पेटी उणे ३२ च्या बाजूला जाऊन पडणार आणि तिथून तापत तापत शून्याकडे येणार, तोवर खरं तापमान ६४ झालेलं असणार. मला मिळालेला 'तोच आकडा, उलटं चिन्ह' हा निव्वळ उंबरठ्याचा योगायोग होता. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन रकाने समोर होते म्हणून सुचलं.

तुझ्या बाकीच्या शिकवणीबद्दलही आभार मानायचे आहेत, पण तिथे थोडी तक्रारही आहे. मी हौसेने दशांश छापायला लागले तेव्हा २९.३० नंतर थेट २९.७९ आणि मग ३०.२७ यायचं, मधलं काही नाहीच. छापले दोन दशांश म्हणून मोजले दोन दशांश असं होत नाही, हे तू जरा जास्तच फटकळपणे सांगितलंस. पण बरोबर सांगितलंस: पाच व्होल्टच्या मापाने एक पायरी जवळजवळ अर्ध्या अंशाची. पाच व्होल्टऐवजी चिपच्या आतला १.१ व्होल्टचा संदर्भ वापरला की पायरी ०.११ च्या आसपास येते, आणि ११० अंशांच्या पुढचं दिसत नाही, जे मला नकोच आहे. तो १.१ कागदावरचा, प्रत्येक चिपचा १.० ते १.२ च्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून एरेफ या संदर्भ-व्होल्टेजच्या पिनवर मल्टिमीटर लावून खरा किती ते बघायला लावलंस. तोच मल्टिमीटर, जो परत न्यायला आली होतीस.

नोंदींच्या बाबतीत मात्र मी तुझं अर्धंच ऐकलं. माझी "पेटीतील तापमान इतके इतके अंश" अशी ऐसपैस ओळ तू खोडून स्वल्पविरामांनी तोडलेले तीन आकडे ठेवलेस: वेळ, कच्चा आकडा, तापमान. ९६०० ला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, पाठवायची रांग ६४ अक्षरांची, ती भरली की प्रोग्राम ताटकळतो, हे सगळं मान्य. पण मिनिटाला एक ओळ छापणाऱ्या पेटीला कसली घाई? तरी आकडेच ठेवले, कारण तक्त्यात सरळ ओढता येतात. फक्त सुरुवातीला रकान्यांची नावं सांगणारी एक ओळ मी परत घातली आहे. सहा महिन्यांनी ती फाइल मलाच वाचायची आहे.

आणि हो, सकाळी खिडकी उघडली की वेळ पुन्हा शून्यापासून का सुरू होतो, या माझ्या रात्री साडेअकराच्या प्रश्नाबद्दल माफी. खिडकीबरोबर सीरियल पोर्ट उघडला की ऊनो रीसेट होतो, म्हणजे पहिल्यापासून सुरू होतो, हे तू झोपेत असूनही एका वाक्यात सांगितलंस. तेव्हापासून मी खिडकी एकदा उघडते ती बंदच करत नाही.

तिसरा ट्रे परवा पेरला. काल दुपारी खोली तेवढीच तापली होती आणि बल्ब वेळेवर विझला. कच्चा आकडा मी अजून काढलेला नाही, मधल्या रकान्यात तसाच आहे. हे लिहिताना शेवटची ओळ आली ती अशी:

४१२२०,२७४,२९.४३

तुझी,
मॅडम