अराफातला टेकडी चढण्याची सक्ती नाही

मा. संपादक,
स. न.

हजच्या दिवसांत पांढऱ्या एहरामांनी (यात्रेतल्या न शिवलेल्या वस्त्रांनी) झाकलेल्या खडकाळ टेकडीचे छायाचित्र वर्तमानपत्रांत हमखास येते. खाली ओळ असते : ‘अराफात पर्वतावर हाजींची गर्दी’. ती वाचून वयस्कर यात्रेकरूंचा समज होतो की, टेकडी चढल्याशिवाय हज पुरा होत नाही. हा समज जिवावर बेतू शकतो, म्हणून हे पत्र.

अराफात हे मक्केच्या आग्नेयेला सुमारे 20 किलोमीटरवरचे विस्तीर्ण मैदान आहे. जबल-ए-रहमत ही त्यातली ग्रॅनाइटची, जेमतेम 70 मीटर उंचीची टेकडी. इ. स. 632 मध्ये अखेरच्या हजला प्रेषित मुहम्मद (स.) इथे आले, तेव्हा ते माथ्यावर गेले नाहीत. पायथ्याच्या खडकांपाशी त्यांनी कसवा ही सांडणी उभी केली आणि किब्ल्याकडे (काबाच्या दिशेला) तोंड करून सूर्य मावळेपर्यंत दुआ मागितली. ‘मी इथे थांबलो, पण सगळे अराफात थांबण्याची जागा आहे,’ हे त्यांचेच शब्द. तंबूत बसून टेकडीकडे तोंड करून दुआ मागणारेही पुष्कळ असतात. दुआ किब्ल्याकडे तोंड करूनच मागावी.

खरी काळजी घ्यायची ती हद्दीची. 9 जिलहजला (जिलहज हा इस्लामी वर्षाचा शेवटचा महिना) दुपार कलल्यापासून, म्हणजे तिथल्या घड्याळात साधारण 12 वाजून 20 मिनिटांपासून, 10 तारखेच्या पहाटेपर्यंत क्षणभर तरी अराफातच्या हद्दीत असणे हा हजचा गाभा. तो चुकला तर हज झालाच नाही. दम, म्हणजे भरपाईची कुर्बानी, देऊनही तो भरून निघत नाही. हद्दीवर पिवळे फलक आहेत. सगळ्यात मोठी गफलत होते ती नमिरा मशिदीत. प्रेषितांनी प्रवचन दिले ते हद्दीबाहेरच्या, लगतच्या उरना खोऱ्यात, आणि मशीद त्या जागेवर उभी राहिली. पुढे ती अराफातच्या बाजूला वाढवली गेली. त्यामुळे आजही तिचा किब्ल्याकडचा, पुढचा भाग हद्दीबाहेर आहे. आत तसे फलक आहेत, तरी सावली आणि गारवा सोडून माणूस उठत नाही. पुढच्या भागात नमाज पढायला हरकत नाही, पण नंतर मागे सरकायलाच हवे.

सूर्यास्ताआधी अराफात सोडू नये. मराठवाडा-खानदेशातले बहुतेक यात्रेकरू हनफी विचारधारेचे. त्यांच्यावर लवकर निघाल्यास दम लागतो. कोकणातले शाफई विचारधारेचे हाजी सूर्यास्तापर्यंत थांबणे सुन्नत, म्हणजे प्रेषितांची प्रथा, मानतात, सक्तीचे नव्हे. एकाच तंबूत दोघे असले की यावरून वाद होतो, म्हणून हे निघण्यापूर्वीच समजून घ्यावे.

टेकडीवर नेमके काय बिघडते? खडक लाखो पावलांनी गुळगुळीत झालेले, त्यावर चपला घसरतात. चढणारे आणि उतरणारे एकाच वाटेवर अडकतात. पुरुषांना एहरामात टोपी किंवा रुमाल चालत नाही. छत्री चालते, पण त्या दाटीत ती उघडता येत नाही. सावली नाही, पाणी संपलेले. 2024 च्या हजमध्ये मक्केत पारा 50 अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारने 1,301 मृत्यू जाहीर केले. त्यांतले बहुसंख्य परवान्याविना आलेले, उन्हात दूरवर पायी चाललेले होते. शिवाय उतरून एकसारख्या दिसणाऱ्या तंबूंत आपला तंबू शोधेपर्यंत त्या रात्रीच्या मुक्कामाच्या जागी, मुजदलिफाला, जाणारी बस निघून जाते.

तेव्हा तंबूत किंवा कडुलिंबाच्या सावलीत बसावे (होय, त्या मैदानात आपला कडुलिंब आहे), थोडे थोडे पाणी आणि ओआरएस घेत राहावे आणि असरनंतर (तिसऱ्या प्रहरच्या नमाजनंतर) ऊन उतरले की उभे राहून दुआ मागावी. मगरिब, म्हणजे सूर्यास्तानंतरची नमाज, तिथे पढू नये. ती मुजदलिफाला पोहोचल्यावर इशासोबत (रात्रीच्या नमाजसोबत).

आपल्याला विनंती एवढीच, की यंदा ते छायाचित्र छापाल तेव्हा खाली ‘अराफातच्या मैदानातील जबल-ए-रहमत टेकडी, इथे चढणे हजचा भाग नाही’ असे लिहावे.

— हज प्रशिक्षण वर्गातील एक शिक्षक, रत्नागिरी