‘गेम अँड वॉच’च्या आधी

महोदय,

हातात मावणाऱ्या इलेक्ट्रॉनिक खेळांचा विषय निघाला की बहुतेक जण निन्टेन्डोच्या १९८० मधील ‘गेम अँड वॉच’पासून सुरुवात करतात, परंतु आदल्याच वर्षी आलेल्या मिल्टन ब्रॅडली कंपनीच्या ‘मायक्रोव्हिजन’मध्ये १६ बाय १६ ठिपक्यांचा एलसीडी पडदा होता आणि कार्ट्रिज बदलून खेळही बदलता येत असे, याचा उल्लेख क्वचितच होतो. ‘गेम अँड वॉच’चे जनक, निन्टेन्डोचे गुनपेई योकोई यांची करामत निराळी होती. त्या मालिकेतील त्यांच्या पहिल्या खेळात, ‘बॉल’मध्ये, चेंडू मुळी सरकतच नसे: पडद्यावर जागा ठरलेल्या आकृत्या, कॅल्क्युलेटरच्या आकड्यांप्रमाणे, एकामागून एक उमटत व मावळत, आणि पडदा तिरका धरला की न उमटलेल्यांच्याही पुसट सावल्या दिसत. त्याच मालिकेतील १९८२ च्या ‘डाँकी काँग’वरील अधिकच्या चिन्हाच्या आकाराचे दिशा-बटण (तेही योकोईंचेच) मात्र आजच्या कंट्रोलरवरही टिकून आहे.

– एक वाचक