घुमटाला चार रकाने, पायाला एक ओळ

मा. संपादक महोदय,
स. न.

तालुक्याच्या गुरुद्वाराच्या नव्या बांधकामाची कालची बातमी वाचली. छापलीत, आभार. पण ‘शीख मंदिरात मूर्तिप्रतिष्ठा’ हे कुठून काढले? तिथे मूर्ती नसते. गुरू ग्रंथ साहिबचा प्रकाश होतो, म्हणजे ग्रंथ विधिपूर्वक उघडून मांडतात. 1430 अंगांचा (पानांचा) तो ग्रंथ हाच गुरू. नांदेड काही परदेशात नाही, एवढे ठाऊक असायला हरकत नव्हती.

घुमटाच्या चित्राला 4 रकाने आणि पायाला एक ओळ : ‘5 फूट खोल, भक्कम पाया’. त्या ओळीसाठीच हे पत्र. काळ्या मातीत 5 फूट म्हणजे काहीच नव्हे. उन्हाळ्यात वावरात पाय अडकेल अशा भेगा पडतात, पावसाळ्यात तीच माती फुगून भिंत उचलते. हा खेळ साधारण साडेतीन मीटर, म्हणजे 11-12 फुटांपर्यंत चालतो. पाया त्याखाली न्या, नाहीतर मुरूम लागेपर्यंत. तेवढे खोदणे परवडत नसेल तर बुडाशी फुगा असलेले पाइल (जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) घाला : दांड्याची जाडी 30 सेंटिमीटर, फुग्याची अडीचपट, म्हणजे 75. वरची बीम जमिनीला टेकवायची नाही, खाली 8 सेंटिमीटर मोकळे ठेवायचे. आणि खोदलेली माती जोत्यात परत ढकलायची नाही (ठेकेदार ढकलतातच, गाडीभाडे वाचते). तिथे मुरूमच हवा, अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर, पाणी मारून धुमसाने ठोकलेले.

जुनी इमारत ‘जीर्ण झाली होती’ म्हणे! मागच्या भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग साऱ्या गावाने पाहिली आहे. त्याच भिंतीबाहेर लंगरची (गुरुद्वारातल्या मोफत जेवणाची) भांडी घासली जात. रोजचे पाणी पायात मुरायचे. मागची माती बारा महिने फुगलेली, पुढची उन्हाने आवळलेली. भिंत फाटणार नाही तर काय? आणि नव्या नकाशात मोरी पुन्हा तिथेच! ती दूर न्या, पाणी बंद पाइपातून नालीत सोडा, मधे तूप-खरकटे अडवायची टाकी बांधा. टाकी वरचेवर उपसली नाही तर पाइप तुंबून पाणी पुन्हा पायाकडेच येईल. भिंतीभोवती 4 फूट फरशी, उतार बाहेर.

लंगर म्हणजे तुमचा ‘महाप्रसाद’ नव्हे. दवाखान्यात पेशंटसोबत आलेले नातेवाईक, ट्रकवाले, बाजाराला आलेला शेतकरी, सगळे एकाच पंगतीत. आपल्याकडे गावजेवणात अजून कोणाची पंगत वेगळी बसते, ते आपल्या वार्ताहराने कधी छापले नाही. लंगरखाना घुमटाआधी उभा राहिला पाहिजे. दरबार साहिब (ग्रंथाचे मुख्य दालन) होईपर्यंत प्रकाश एखाद्या स्वच्छ खोलीतही करता येतो. शंभर माणसांचा स्वयंपाक मृगात ताडपत्रीखाली होत नाही.

जाता जाता : कापसाच्या भावाचा रकाना 3 दिवसांपासून गायब आहे. त्या जागी घुमट छापू नका.

— एक वाचक, जि. यवतमाळ