पाव मोठा की अर्धपाव? : अ‍ॅपर्चरच्या आकड्याची एक दुरुस्ती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत पहिला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा डिजिटल कॅमेरा, कसा निवडावा यावर पानभर मजकूर आला. त्यातल्या तक्त्यात 'अ‍ॅपर्चरचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र मोठे आणि प्रकाश जास्त' असे छापले आहे. हे अगदी उलटे आहे. (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत येण्याचे छिद्र.) मी तीस वर्षे मुद्रितशोधक होते, त्यामुळे छापील चूक दिसली की हात आपोआप लाल पेन्सिलीकडे जातो. पण या चुकीसाठी पत्र लिहायला बसले त्याचे कारण वेगळे आहे. निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला तेव्हा पहिले तीन महिने मीही हेच धरून चालले होते.

तेव्हा दिवेलागणीला खोलीतला उजेड कमी झाला की मी आकडा वाढवत न्यायचे. एफ/८, मग एफ/११, मग एफ/१६. फोटो आणखी हलायचे, आणखी दाणेदार यायचे. मी कॅमेऱ्याला नावे ठेवत होते. शेवटी भाच्याने कागदावर लिहून दाखवले. एफ म्हणजे लेन्सची फोकल लांबी, लेन्सवर मिलिमीटरमध्ये लिहिलेली असते ती. ५० मिलिमीटरच्या लेन्सला एफ/४ म्हणजे पन्नास भागिले चार, साडेबारा मिलिमीटरचे छिद्र. एफ/८ म्हणजे पन्नास भागिले आठ, सव्वासहा मिलिमीटर. आकडा खाली आहे, छेदात आहे. पाव (एक चतुर्थांश) मोठा की अर्धपाव (एक अष्टमांश), एवढाच प्रश्न. तोंडी हिशेब येणाऱ्या कुणालाही हे एका मिनिटात कळेल, पण तक्त्यात 'एफ८' असे तिरक्या रेघेशिवाय छापले की तो अपूर्णांक राहत नाही, नुसता क्रमांक होतो.

आणि २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ ही रांग अशी वेडीवाकडी का, तेही त्याच कागदावर उलगडले. प्रत्येक आकडा मागच्याच्या सुमारे १.४ पट. व्यास तेवढा कमी झाला की छिद्राचे क्षेत्रफळ निम्मे होते, म्हणून दर पायरीला प्रकाश निम्मा. हे समजल्यावर ती रांग पाठ करावी लागली नाही.

दुरुस्तीचे काम इथे संपले. पण त्या पानाचा निम्मा भाग मेगापिक्सेलच्या (एक मेगापिक्सेल म्हणजे फोटोतले दहा लाख ठिपके) तुलनेत गेला आहे, त्याबद्दलही थोडे लिहिते. छपाईशी संबंध असलेल्यांना एक हिशेब माहीत असतो. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात. १२ बाय ८ इंचांच्या फोटोला ३६०० गुणिले २४००, म्हणजे ८६ लाख पिक्सेल. साधा चोवीस मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० बाय ४००० देतो, म्हणजे वीस इंच रुंदीचा फोटो. घरच्या भिंतीवर त्याहून मोठा कोण लावणार? १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ च्या अंगात डिजिटल सेन्सर (फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा भाग) बसवून वृत्तछायाचित्रकारांसाठी जो डीसीएस कॅमेरा आणला, तो होता १३ लाख पिक्सेलचा, आणि फोटो साठवायची पेटी वेगळी खांद्याला अडकवावी लागे. १९९९ चा निकॉन डी१ सत्तावीस लाखांचा. वर्तमानपत्रांचे फोटो अशाच कॅमेऱ्यांनी काढले जात होते. तेव्हा चोवीस की सव्वीस यावर कुणी रात्र घालवू नये.

मग निवड कशावर करावी? मी दुकानात दोन कॅमेरे आलटून पालटून दहा-दहा मिनिटे हातात धरून पाहिले. एक इतका लहान की करंगळी हवेत लोंबकळत होती. दुसरा धरायला बरा होता, शिवाय त्याला आकडे बदलायच्या दोन चकत्या होत्या, एक अंगठ्याला आणि एक तर्जनीला. सुरुवातीच्या मॉडेलांत बहुधा एकच चकती असते आणि दुसऱ्या आकड्यासाठी बटण दाबून धरावे लागते. कागदावरच्या तुलनेत ही गोष्ट कुठे येत नाही, पण रोज हाताला तीच लागते. व्ह्यूफाइंडरही डोळा लावूनच पाहावा. स्वस्त मॉडेलांत त्यात चौकटीचा सुमारे ९५ टक्केच भाग दिसतो. उरलेला फोटोत येतो. माझ्या पहिल्या शंभर फोटोंत कडेला कुणाची ना कुणाची कोपरे घुसली आहेत, ती तिथून आली.

मी घेतला तो वापरलेला कॅमेरा, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे बाजार वळला आहे. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. तुमच्या लेखाने ही बाब एका वाक्यात उरकली आहे. शिकणाऱ्याला ती सोयीचीच आहे, कारण लोक चांगले कॅमेरे विकून मोकळे होत आहेत. निकॉनचा एफ माउंट (लेन्स बसवायची जोडणी) १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा, इतक्या वर्षांच्या लेन्स हिंडत आहेत. फक्त एक पाहून घ्यावे. निकॉनच्या डी३५०० किंवा डी५६०० या मॉडेलांच्या बॉडीत फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या धाटणीच्या काही लेन्सना त्यावर हाताने फोकस करावे लागते. डी७५०० मध्ये ती आहे.

वापरलेला कॅमेरा घेताना भाच्याने तीन गोष्टी करून पाहिल्या. शटर किती वेळा उडाले तो आकडा काढला, अकरा हजार निघाला. लेन्स काढून मागून टॉर्चचा झोत टाकला, आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नाही ना ते पाहायला. आणि एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा मुद्दाम धूसर फोटो काढून मोठा करून पाहिला. सेन्सरवर धूळ असेल तर लहान छिद्राला ती काळ्या ठिपक्यांनी दिसते. दोन ठिपके होते, रबरी फुग्याच्या वाऱ्याने गेले. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकी उडते. हे मला आधी कुणी सांगितले नसते तर मी नक्की फुंकर मारली असती.

पहिल्या आठवड्यातली एक फजिती सांगते, कारण चष्मेवाल्या प्रत्येकाची ती होणार आहे. व्ह्यूफाइंडरमधून सगळे अंधुक दिसे. मी लेन्सला दोष दिला, विकणाऱ्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. फोटो संगणकावर पाहावेत तर लख्ख! व्ह्यूफाइंडरच्या शेजारी एक इवलीशी चकती असते, डोळ्याच्या नंबरासाठी. ती फिरवताना समोरच्या झाडाकडे बघायचे नाही, आतल्या आकड्यांकडे बघायचे. ते ठळक झाले की काम झाले. माहितीपुस्तकात हे पहिल्या काही पानांतच होते. आयुष्यभर दुसऱ्यांचा मजकूर शब्द न् शब्द वाचला आणि स्वतःच्या कॅमेऱ्याचे पुस्तक मात्र नुसते चाळले.

लेन्सच्या बाबतीत मी भाच्याचे थोडे ऐकले, थोडे नाही. बरोबर आलेली १८ ते ५५ मिलिमीटरची झूम लेन्स होती. ती लांब केली की उघडून उघडून एफ/५.६. मी ५० मिलिमीटर एफ/१.८ घेतली. तिच्यातून जवळजवळ दहापट प्रकाश येतो, ५.६ च्या वर्गाला १.८ च्या वर्गाने भागून बघा. पण लहान सेन्सरवर ५० ची लेन्स ७५-८० सारखी वागते, हे मी विसरले. खोलीत माणूस चौकटीत बसवायला मला पाठ भिंतीला टेकवावी लागे. नव्याने घेणाऱ्याने ३५ पाहावी. 'फुल फ्रेम घे', म्हणजे मोठ्या सेन्सरचा जड कॅमेरा घे, हा भाच्याचा आग्रह मात्र मी मानला नाही. मनगट माझे आहे.

'मावशी, एम वर ठेव, बाकी सगळा पोरखेळ आहे,' असेही तो म्हणायचा. एम म्हणजे सगळे आकडे स्वतः हाताने ठरवायचे. आठवडाभर ठेवले. ढग आला, गेला, मी आकडे फिरवत बसले आणि शेजारची काळी मांजर कुंपणावरून उतरून निघून गेली. मग ए वर आणले, काही कंपन्या त्याला एव्ही म्हणतात. छिद्र मी ठरवायचे, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो. वर्षभर मी तिथेच आहे आणि लाज वाटत नाही. फक्त कॅमेऱ्याने कोणता वेग निवडला त्याच्यावर डोळा ठेवावा लागतो. ५० ची लेन्स हातात धरून लहान सेन्सरवर १/८० सेकंदाच्या खाली गेले की फोटोत माझ्या हातांची थरथर दिसू लागते. तेव्हा आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, १६०० करते. दाणे येतात, येऊ देत. दाणेदार फोटो वाचता येतो, हललेला येत नाही.

त्या मांजरीने मला आणखी दोन धडे दिले. ती जाळीमागे बसली होती आणि फोकस जाळीवर गेला, कारण कुठे नेम धरायचा ते मी कॅमेऱ्यावर सोपवले होते आणि तो बहुधा जवळचे पकडतो. तेव्हापासून मधला एकच बिंदू चालू ठेवते. त्या बिंदूवर मांजरीचा डोळा धरते, कळ अर्धी दाबते, चौकट सरकवते, मग पुरी दाबते. दुसरा धडा रंगाचा. काळी मांजर राखाडी आली. त्याच दिवशी जुन्या प्रुफाच्या पांढऱ्या कागदाचा फोटो काढला, तोही राखाडी! तीस वर्षे पांढरा कागद पाहिलेल्या बाईला हे सहन होईना. कारण असे की प्रकाशमापक समोरचे सगळे सरासरीने मधल्या राखाडी छटेचे आहे असे धरतो. त्याला कागद माहीत नाही, मांजर माहीत नाही. अधिक-उणे चिन्हाचे बटण त्यासाठीच असते. कागदाला अधिक एक, मांजरीला उणे एक. आधी वाटते उलट हवे, पण तसे नाही.

एक अभ्यास तेवढा सांगते. पाच लाल पेन्सिली एकामागे एक, वीतभर अंतराने उभ्या केल्या आणि मधलीवर फोकस ठेवून १.८, ४, ८ आणि १६ असे चार फोटो काढले. पहिल्यात एकच पेन्सिल टोकदार, चौथ्यात जवळजवळ सगळ्या. त्यानंतर अ‍ॅपर्चरबद्दल मला कुणाला काही विचारावे लागले नाही.

बाकी मी शिकले ते प्रुफे तपासतात तसे. डिजिटल फोटोबरोबर त्याचे आकडे फाइलीतच साठवलेले असतात. दर रविवारी आठवड्याचे बिघडलेले फोटो काढून बसते आणि वहीत लिहिते : हलला, १/२०. भलतीकडे फोकस, जाळी. राखाडी आली, पांढरी भिंत, अधिक द्यायचे होते. चांगल्या फोटोंवर मी वेळ घालवत नाही, त्यांच्याकडून कळत काही नाही. तीन महिन्यांनी वही चाळली तेव्हा निम्म्याहून जास्त नोंदी एकाच चुकीच्या निघाल्या, कमी वेग. म्हणजे मला नवी लेन्स नको होती, आयएसओ वाढवायचे धैर्य हवे होते.

म्हणून दुरुस्तीबरोबर एक विनंती. पुरवणीत आपण दर आठवड्याला वाचकांचे आणि आपल्या छायाचित्रकारांचे फोटो छापता. त्यांच्याखाली फोकल लांबी, अ‍ॅपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ हे चार आकडे बारीक टाइपात द्यावेत. एक ओळ लागेल. आणि छायाचित्रकारांनी हरकत घेतली नाही तर कधीतरी एखादा फसलेला फोटोही आकड्यांसह छापावा.

आपली,
एक निवृत्त मुद्रितशोधक

ता. क. : दुरुस्ती छापताना एफ आणि आकडा यांमधली तिरकी रेघ कृपया गाळू नये. तक्त्यात ती सातही ठिकाणी गळली आहे. मूळ लेखकाने बरोबर लिहिले असावे आणि रेघ गेल्यावर कुणीतरी सद्हेतूने वाक्य 'सुधारले' असावे, असा माझा अंदाज आहे. आमच्या कामात हे व्हायचे.