करारावर सह्या झाल्या, पण रजिस्टर कोणाच्या कपाटात राहणार?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

काल तुमच्या पेपरात आतल्या पानावर तो फोटो पाहिला. आरोग्य विभाग आणि एका संस्थेचा सामंजस्य करार, टेबलावर कागद, मागे बॅनर, सात-आठ साहेब उभे. खाली लिहिलं होतं की आता गावोगावी सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून लेकरात येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी होणार आणि ती "लोकसहभागातून" होणार. बातमी दोनदा वाचली. फोटोत ना कोणी सरपंच, ना आशाताई, ना ज्या घरात हा आजार आहे त्या घरचं कोणी. रात्रभर डोक्यात तेच होतं म्हणून आज धानाचं काम बाजूला ठेवून लिहायला बसलो.

संस्थांच्या विरोधात मी नाही, हे आधीच सांगतो. दवाखाना आणि गाव मिळून काम कसं करतात ते आपल्याच विदर्भात लोकांनी करून दाखवलं आहे. गडचिरोलीत बंग डॉक्टरांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना बाळाचं वजन करायला, श्वास मोजायला शिकवलं, नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते ती पद्धत तिथूनच देशभर गेली. त्यांनी दवाखाना पण लोकांना विचारून बांधला, नाव तिथल्या लोकांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं दिलं. सेवाग्रामला कस्तुरबा दवाखान्यासाठी गावातले लोक सुगीला ज्वारी जमा करायचे आणि त्यावर इलाजात सूट मिळायची. म्हणजे हे होत नाही असं कोणी म्हणू नये.

आता माझ्या घरची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी पोळ्याच्या आठ दिवस आधी आमच्या शाळेत कॅम्प झाला. दवाखाना आणि एक संस्था, दोघांचा मिळून. सगळ्या लेकरांच्या बोटाला टोचून रक्त घेतलं, माझ्या पोरीचं पण घेतलं, ती तेव्हा सहा वर्षांची. रिपोर्ट पंधरा दिवसांत येतील म्हणाले. नंतर कोणी आलं नाही आणि आम्ही समजलो की काही निघालं नसेल.

मग दोन थंड्या तिनं कशा काढल्या ते आम्हालाच माहीत. रात्री पाय धरून ओरडायची, हाताची बोटं सुजायची. तालुक्याच्या दवाखान्यात तीनदा नेलं, तिन्ही वेळा तापाच्या गोळ्या दिल्या, वाढत्या वयात हाडं दुखतात म्हणाले. गेल्या पौषात पोरगी अंथरुणातून उठेचना, डोळे पिवळे झाले, तेव्हा गाडी करून मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टर बाईनं पहिलाच प्रश्न केला, "सिकलसेल तपासला होता का जी?" मी म्हटलं, तपासला होता ना मॅडम, काही निघालं नाही. निघालं होतं, साहेब. मेडिकलला पक्की तपासणी झाली तर एसएस. म्हणजे नुसती वाहक (दोष रक्तात असतो पण सहसा त्रास होत नाही) नाही, पूर्ण रुग्ण.

रिपोर्ट शोधायला दवाखान्यात गेलो तर म्हणाले संस्थेकडे आहेत. संस्थेच्या ऑफिसला गेलो तर कुलूप, प्रकल्प मार्चमध्येच संपला होता. शेवटी त्यांच्याकडे तेव्हा काम करणारी एक मुलगी भेटली, तिच्या घरी रजिस्टरची झेरॉक्स होती. माझ्या पोरीच्या नावापुढे लाल पेनानं गोल आणि "पुढील तपासणीस पाठवणे". कॅम्पमधली सोल्युबिलिटी टेस्ट रक्तात सिकलसेल आहे एवढंच सांगते, वाहक का रुग्ण हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पुढची तपासणी करावी लागते, ते पाठवणं कोणीच केलं नाही. अडीच वर्षं तो लाल गोल एका पत्र्याच्या पेटीत पडून होता आणि पोरगी घरात कण्हत होती. आता हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे दुखण्याचे झटके कमी करणारं औषध, चालू आहे, फॉलिक ॲसिड आहे, पाणी भरपूर पाजतो, थंडीत सांभाळतो, दुखणं बरंच कमी आहे. या गोळ्या तेव्हाही मिळत होत्या.

त्याच पानावर आणखी सहा लाल गोल होते. मी आणि आशाताई संध्याकाळी एकेका घरी गेलो, आवाज न करता, कारण सिकलसेल आहे असं गावात पसरलं की पोरीचं लग्न जुळत नाही, म्हणून लोक लपवतात. खरं तर लग्नाच्या आधीच कळायला पाहिजे, दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात बाळ पूर्ण रुग्ण निघण्याचा चारातला एक धोका असतो. हे समजावून सांगायला गावचंच माणूस लागते, बॅनरनं ते होत नाही. आशाताईला या फिरण्याचा एक रुपया मिळाला नाही.

ग्राम आरोग्य समिती कागदावर आमच्या गावात पण आहे, वर्षाला १० हजारांचा निधी असतो म्हणतात, पण त्या समितीला या कॅम्पचा एक कागद कोणी दाखवला नव्हता. २०२३ मध्ये केंद्रानं मिशन काढलं, ७ कोटी लोकांची तपासणी, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचा. तपासणीचा आकडा गाठणं सोपं आहे, तो आमच्या शाळेत पण गाठला होता. रिपोर्ट घरी किती पोहोचले तो आकडा कोण मोजणार?

आणि एक गोष्ट, विषय निघालाच आहे तर. सिकलसेलच्या रुग्णाला एसटीत सवलत आहे, कागद आम्ही करून घेतला, पण आमच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली ती झालीच. सकाळी मेडिकलला पोहोचायचं तर पोरीला मोटारसायकलवर थंडीत १४ किलोमीटर न्यावं लागते, आणि थंडीच तिला बाधते. याबद्दल मी तुम्हाला मागे दोन पत्रं पाठवली, छापून आली नाहीत.

आता एवढं करा. तुमच्या वार्ताहराला तो करार पूर्ण वाचायला सांगा. रिपोर्ट किती दिवसांत घरी देणार, रजिस्टरची एक प्रत गावच्या समितीकडे राहणार का, आणि प्रकल्प संपल्यावर ते कोणाच्या ताब्यात जाणार, हे त्यात लिहिलं आहे का? लिहिलं असेल तर जसंच्या तसं छापा, मी कापून शाळेच्या भिंतीला लावतो. नसेल तर तेही छापा, कारण बातमीप्रमाणे पहिला कॅम्प पुढच्याच महिन्यात आहे.

आपला,
एका सिकलसेलग्रस्त मुलीचा बाप, पूर्व विदर्भ
(नाव छापू नये, पोरीसाठी विनंती)