सर, हा तुमचा पाय

प्रिय बाळ्या,

लेका, आठ महिने झाले तुला धड चार ओळी लिहिल्या नाहीत. फोनवर "काय चाललं" "चालू आहे" एवढंच होते आपलं, ते काही बोलणं नाही. व्हॉट्सॲपवर टाइप करायला बसलो, अर्ध्यातून पुसलं, मग म्हटलं जाऊ दे, पत्रच लिहू. तब्येत ठीक, बीपीची गोळी सुरू, गुडघा तसाच. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता तिला घरातली सगळी जळमटं दिसतात आणि आमचे हाल सुरू आहेत.

तर मुद्दा. हसशील, पण शेवटपर्यंत वाच.

जूनपासून मी सहावी-सातवी-आठवीचा चित्रकलेचा तास मोकळा सोडलाय. म्हणजे फळ्यावर फुलदाणी काढून "हे उतरवा" बंद. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सकडच्या काही कलाशिक्षकांनी सुरू केलेली पद्धत आहे ही, पोरगा हाच चित्रकार आणि वर्ग हा त्याचा स्टुडिओ. सुरुवातीला पाच मिनिटं मास्तरनं काहीतरी करून दाखवायचं, मग ज्याला जे सुचेल ते त्यानं करायचं, आणि शेवटी आपण काय केलं, कुठं अडलो ते सांगायचं. सामानाचे कोपरे एकदम उघडायचे नाहीत, एकेक उघडायचे. मी आधी फक्त पेन्सिल-रंग ठेवले, पंधरा दिवसांनी माती, मग चिकटवायचं सामान. शनिवारचे दोन तास जोडून घेतले, त्यासाठी गणिताच्या सरांना दोनदा समोसा चारावा लागला. रंग कुठून आणणार बे? गेरू, चुना, नीळ, हळद, चुलीतला कोळसा. बाभळीचा डिंक रात्री भिजवून ठेवायचा, सकाळी फडक्यानं गाळायचा आणि त्यात घोटायचं. पोट्ट्यांचे हात जेवणाच्या सुट्टीपर्यंत निळे.

आणि पहिल्याच शनिवारी, 38 पोरं, पूर्ण मोकळीक, काय पाहिजे ते काढा म्हटलं, तर 26 जणांनी काय काढलं सांग? बरोबर. दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी, आणि बाजूला नारळाचं झाड! आपल्या तालुक्यात नारळाचं झाड कोणी पाहिलं? नारळ पाहिला तो मारुतीच्या देवळात, तोही फोडलेला. एक पोरगी तर रडायलाच लागली, "सर तुम्हीच सांगा न काय काढू." हेडमास्तर दारातून डोकावले आणि म्हणाले, सर हा तास आहे की आठवडी बाजार. मी म्हटलं बाजारच आहे, बाजारात लोक आपापल्या गरजेचं घेतात. (खरं सांगू, हे मी म्हटलंच नाही, घरी आल्यावर सुचलं. समोर नुसतं "हो सर, आवरतो" म्हटलं.)

महिनाभरात नारळ गळाले. एका पोरीनं चार शनिवार नुसते मातीचे रंग केले. धुऱ्यावरची, विहिरीच्या काठची, शाळेमागची, अशा पुड्या बांधून आणायची आणि कागदावर पट्टे ओढून खाली कोणाचं वावर ते लिहायची. चित्र काहीच नाही. आता तिच्या नोंदवहीत काय लिहू? तुला माहीत आहे आकारिक मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी कशा लिहितात, गाइडमधून, "चित्रात रंग सुबक भरतो." अरे, ती चित्रच काढत नाही.

पण पत्र त्यासाठी नाही लिहिलं. पत्र पायासाठी लिहिलं.

सातवीत एक पोट्टं आहे, फारसं बोलत नाही, घरी बैलजोडी. पोळ्याच्या आधी त्यानं मोठ्या कागदावर बैल काढायला घेतला, गेरूचा, झूल, शिंगं, सगळं. डोळा असा काढला होता बाळ्या, की मी दोनदा वाकून पाहिला. फक्त मागचा पाय माणसासारखा गुडघ्यातून पुढे वाकलेला. आता हे पोट्टं दरवर्षी स्वतः लोणी-हळद लावून बैलाची खांदं शेकते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" म्हणते, आणि पाय असा! माझा हात शिवशिवला. दोन नंबरचा ब्रश उचलला आणि अर्ध्या मिनिटात पाय सरळ करून दिला. मस्त पाय झाला, खोटं का बोलू. ते म्हणालं, "हाव सर."

पुढच्या शनिवारी आलं, खिशातून वहीच्या कागदाची घडी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "सर, हा तुमचा पाय."

ब्लेडनं कापून काढला होता. व्यवस्थित, कडेकडेनं. आणि बैलाला मागून कपाशीच्या बियाण्याच्या पाकिटाचा तुकडा लावला होता, आतली चंदेरी बाजू वर, त्यावर कोळशानं पुन्हा आपलाच पाय. तसाच, पुढे वाकलेला. राग नव्हता त्याच्या तोंडावर. मागून घेतलेलं रबर परत करावं तसं. मी "बरं" म्हटलं आणि पाय खिशात टाकला. अजून पाकिटात आहे, बसच्या पासामागे.

आता कळलं का तुलाच का लिहितोय?

आपण अमरावतीला शिकत होतो तेव्हाची ती रात्र आठव. सकाळी सबमिशन, तुझं बाजाराचं स्मृतिचित्र, भाजीवाली म्हातारी, तू झोपलेला, आणि तिचा हात मी नीट करून ठेवला. दीड महिना बोलला नाहीस लेका. मेसमध्ये समोर बसून दुसऱ्याला सांगायचास, "याला म्हणा मीठ दे." मी आजपर्यंत म्हणत आलो की तुला त्या हातामुळेच मार्क मिळाले, आणि मिळालेच होते, ते मी मागे घेत नाही. पण तू हात कापून परत दिला नाहीस, रागात सगळं चित्रच चुलीत घातलंस. या पोट्ट्यानं तुझ्यापेक्षा डोकं लावलं.

आणि तो सिझेक आठवतो का, चित्रकलेचा मास्तर? पाठ करून करून वैताग आला होता, व्हिएन्ना, 1897, लहान पोरांसाठी क्लास, त्यांना शिकवू नका, वाढू द्या. तुझ्या कंपासपेटीच्या झाकणात लिहिलेला होता तो. आपण पेपरात पानभर लिहिलं आणि मी तेवढ्यातच त्याला विसरलो. नंतर त्याच्यावरही टीका झाली म्हणे, शिकवत काही नव्हता तरी सगळ्या पोरांची चित्रं एकाच वळणाची दिसायची. म्हणजे मास्तर गप्प बसला तरी त्याचा हात वर्गात फिरतच असतो. मी तर गप्पही बसलो नाही.

बरं, गप्प बसू कसा? आठवीची पोरं चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला, एलिमेंटरीला बसवायची आहेत, पुढच्या वर्षी हे पोट्टंही बसणार. वस्तुचित्र, स्मृतिचित्र, नक्षीकाम, भूमिती-अक्षरलेखन. पुढे त्याच्या वरच्या परीक्षेत, इंटरमिजिएटला ए आला तर दहावीला जास्तीचे 7 मार्क, बीला 5, सीला 3. त्याच्या बापाला ते 7 मार्क कळतात, आणि बरोबर आहे त्याचं. परीक्षक चंदेरी तुकडा पाहणार नाही, पाय पाहणार. मग पोट्ट्याला पाय शिकवायचा की नाही? शिकवला तर कधी? त्यानं विचारल्यावर? आणि त्यानं विचारलंच नाही तर? रात्री पंख्याकडे पाहत हेच चालू असते. बायको म्हणते एका बैलाच्या पायासाठी माणूस एवढा जागते का.

परवा गुरांचे डॉक्टर लसीकरणाला आले होते, मी सहज विचारलं. ते हसले, एका बैलाच्या पोटाजवळ, मांडीच्या वर हात दाबला आणि म्हणाले, सर गुडघा इथं असतो, आणि पुढेच वाकतो. खाली मागे वाकलेलं दिसते ना, ती टाच आहे. जनावर बोटांवर चालते. मी तिथंच उभा. चोवीस वर्षं चित्रकला शिकवतोय बाळ्या, बैलाच्या टाचेला गुडघा म्हणत आलो. म्हणजे पोट्टं बरोबर होतं असंही नाही, त्यानं गुडघा फार खाली आणला आणि टाच काढलीच नाही. पण पुढे वाकणारं काहीतरी त्या पायात आहे हे त्याला ठाऊक होतं, कदाचित बैल धुताना हाताला लागलं असेल, कदाचित नुसतंच लागलं असेल जमून. मला माहीत नाही.

या शनिवारी ब्रश घरी ठेवून जाणार आहे. शाळेसमोरच्या निंबाखाली कोणाची ना कोणाची जोडी बांधलेली असतेच. पाच मिनिटं फक्त हात लावून पाहा म्हणणार, गुडघा कुठं, टाच कुठं, आधी आपली मग बैलाची. काढा म्हणणार नाही. त्याला वेगळं काही सांगणार नाही. लाथ बसली तर मात्र हेडमास्तरला तोंड तूच दे.

तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली रद्द झाली म्हणे, बरं झालं. पिल्लूचे पुढचे दात आले असतील आता. तुझ्या प्रेसमध्ये ते भोपळे अजून आहेत का, त्यांना नमस्कार सांग, माझे तीनशे रुपये आहेत त्यांच्याकडे.

आणि एक काम कर. प्रेसमध्ये जाड कागदाचं कटिंग निघते ना, ते फेकू नको, दोन गठ्ठे बांधून संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सवर टाक, मी फाट्यावर उतरवून घेतो. पांढरंच पाहिजे असं नाही. ती मातीवाली पोरगी मागच्या आठवड्यात पट्टे वर्तमानपत्रावर ओढत होती, आणि कोणाचं वावर ते छापलेल्या अक्षरात दिसत नव्हतं.

तुझाच,
गज्या