मॅडम, अल्बम नाही, माझा कान जुना झाला होता

नमस्कार मॅडम,

मी तुम्हाला आठवत असेन की नाही माहीत नाही, दिवसाला किती जण कान तपासायला येत असतील तुमच्याकडे, पण त्या छोट्या साउंडप्रूफ केबिनमध्ये हेडफोन लावून बसलेला आणि बटन दाबायचं सोडून "मॅडम, सुरू केलं का?" असं विचारणारा तो मीच. तुम्ही काचेपलीकडून नुसत्या हसलात. नंतर कळलं की मशीन कधीचंच सुरू झालेलं, चार हजार हर्ट्झवाला टोन तुम्ही तीनदा वाजवलात आणि मलाच ऐकू आला नव्हता.

पत्र असं उघड्यावर लिहितोय कारण आभार तुमचे मानायचेत पण माफी बऱ्याच जणांची मागायचीय, आणि दोन्ही एकाच अल्बमवरून आहे.

तर तो अल्बम म्हणजे स्पिरिटबॉक्सचा 'इटर्नल ब्लू'. तुम्हाला तेव्हा घाईघाईत सांगितलं होतं, आता नीट सांगतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर आयलंडवरच्या व्हिक्टोरिया शहरातला बँड, कोर्टनी लाप्लांट गाते आणि तिचा नवरा माइक स्ट्रिंगर गिटार वाजवतो, दोघंही आधी दुसऱ्या एका बँडमध्ये होते, तिथून बाहेर पडून यांनी स्वतःचं घर मांडलं. २०१७ पासून छोटे ईपी, सुटी गाणी असं चालू होतं, मग लॉकडाउनमध्ये, जुलै २०२० ला, 'होली रोलर' आलं आणि एकदम धूर. पूर्ण लांबीचा पहिला अल्बम मात्र आला १७ सप्टेंबर २०२१ ला. डॅन ब्राउनस्टीन प्रोड्यूसर, कॅलिफोर्नियात जोशुआ ट्रीच्या वाळवंटात जाऊन रेकॉर्ड केलेला. पहिलाच अल्बम आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत थेट १३ वा नंबर, मेटलकोरसाठी, म्हणजे किंचाळ्या आणि जड गिटारीवाल्या मेटलसाठी, हे काय साधं नाही.

तारीख बघा मॅडम, १७ सप्टेंबर २०२१. दोन दिवसांनी अनंत चतुर्दशी. आणि त्या वर्षी मिरवणूक नव्हती, सलग दुसरं वर्ष. आमच्या पथकाचे ढोल गोडाउनमध्ये ताडपत्रीखाली, मी घरात, आणि एरवी लक्ष्मी रोडवर जे काय अंगातून निघतं ते निघायला जागाच नाही. मग काय, फोनचा आवाज शेवटच्या काडीपर्यंत आणि 'होली रोलर'. 'सिल्क इन द स्ट्रिंग्ज'. 'यलोजॅकेट', ज्यात आर्किटेक्ट्स बँडचा गायक सॅम कार्टर पण आहे. ही तीन गाणी आलटून पालटून, बसमध्ये, रात्री झोपताना, दोन महिने. बाकीची नऊ मी जवळजवळ ऐकलीच नाहीत, म्हणजे ऐकली पण ती ब्रेकडाउन, म्हणजे गाणं संथ होऊन जड ठोके पडतात तो भाग, येईपर्यंतची वाट म्हणून. ढोलवाल्याचं असंच असतं हो, धूम कुठाय ते बघायचं.

२०२२ ला निर्बंध उठले आणि सगळ्यांनीच दोन वर्षांचं वसूल केलं. मी ढोलावर, माझ्या डाव्या हाताला ताशेवाला, त्याच्या काड्या माझ्या कानापासून वीतभर अंतरावर, आणि पुढच्या चौकात कोणा मंडळाची डीजेची भिंत. दुसऱ्या दिवशी घरी आलो तेव्हा डावा कान कापूस कोंबल्यासारखा आणि आत एक बारीक शिट्टी. पथकात सगळे म्हणाले होतं असं, चार दिवसात जातं. कापूस गेला. शिट्टी राहिली. आई म्हणायची मी तुला तीनदा हाक मारली, मी म्हणायचो नाही मारलीस, ती म्हणायची तुझे कान वाजतायत, आणि ते शब्दशः खरं होतं हे तिला पण माहीत नव्हतं.

आता माफीचा भाग. २०२३ मध्ये तोच अल्बम परत लावला तर मजाच नाही. सिम्बल बोथट, किंचाळीला धार नाही, गिटारचा जो कडक सुरुवातीचा फटका असतो तो उशीवर मारल्यासारखा. आणि मी काय केलं, तर टपरीवर, पथकात, ऑफिसात, जिथे विषय निघेल तिथे सांगत सुटलो की 'इटर्नल ब्लू' जुना पडला, तेव्हा नुसती हवा होती, मिक्स, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवलेले असतात ते, चिखल आहे, डेब्यू म्हणून लोकांनी डोक्यावर घेतला. एका मित्राशी तर तासभर भांडलो, त्याला म्हटलं तुझे हेडफोन महाग आहेत म्हणून तुला भारी वाटतं. नाचता येईना म्हटल्यावर अंगणाचं जे होतं ते त्या ब्राउनस्टीनचं केलं मी. तो बिचारा कुठे कॅलिफोर्नियात, आणि माझ्या कानाचं खापर त्याच्या डोक्यावर.

तुमच्याआधी मी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे थेंब दिले आणि "ती धांगडधिंगा गाणी बंद करा" एवढंच सांगितलं. शिट्टीचं काय विचारलं तर म्हणाले सवय होईल. रात्री दीड-दोन वाजता खोलीत शांतता झाली की ती शिट्टी अशी वाढायची की मी उठून बसायचो. सात-आठ महिने नीट झोपलो नाही. हे घरी कोणाला सांगितलं नव्हतं, तुम्हाला पण अर्धवटच सांगितलं.

तुम्ही टेस्टच्या आलेखाचा कागद समोर ठेवलात. लाल गोल उजवा कान, निळी फुली डावा. सगळं वर वर सरळ चाललेलं आणि ४००० हर्ट्झला एकदम खड्डा, डावीकडे ५० डेसिबल, उजवीकडे ३५, आणि ८००० ला परत वर. तुम्ही म्हणालात, वयाने जातं तेव्हा रेघ खाली खालीच जात राहते, ही खाली जाऊन वर आलीय, हा आवाजाचा मार आहे. मग पेन त्या खड्ड्यावर ठेवून विचारलंत, "ऐकता काय?" मी म्हटलं आता लेक्चर. घाबरत सांगितलं मेटलकोर. आणि तुम्ही म्हणालात, "लावा की."

मॅडम, माझ्या बारा-तेरा वर्षांच्या ऐकण्यात मोठ्या माणसाने असं "लावा की" म्हणायची ती पहिली वेळ होती.

मी मुद्दाम 'होली रोलर' लावलं, म्हटलं बघू किती वेळ टिकतायत. तुम्ही पूर्ण ऐकलंत. मग मी 'द समिट' लावलं, त्यावर तुम्ही विचारलंत ही दुसरी कोण, आणि मी सांगितलं तीच आहे, तेव्हा तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि परत पहिलं लावायला सांगितलंत. मला माहीतच नव्हतं की कानाच्या डिग्रीत आवाजाचं आणि बोलण्याचं पण शिकवतात. तुम्ही बोट गळ्यावर ठेवून सांगितलंत की खऱ्या स्वरतंतूंच्या वर अजून एक जोडी असते, एरवी ती गाण्यात भाग घेत नाही, असा गुरगुरणारा आवाज काढणारे बरेच जण ती वापरतात, आणि ही बाई श्वास सांभाळून करतेय, नुसती बोंबलत असती तर दोन महिन्यात घसा बसला असता. मी म्हटलं मॅडम ती २०१२ पासून बँडमध्ये हे करतेय. तुम्ही म्हणालात, "मग ती घशाची काळजी घेते. तुम्ही कानाची घेता का?"

बोलतीच बंद.

तो चार हजारचा खड्डा म्हणजे काय ते तुम्ही त्याच गाण्यावर दाखवलंत, म्हणून डोक्यात शिरलं. सिम्बलची चमक, किंचाळीची धार, गिटारच्या काडीचा टच, सगळं साधारण त्या भागात राहतं, स आणि श पण तिथेच, म्हणून आईचं बोलणं पण मला पुसट. म्हणजे अल्बमला काही झालं नव्हतं. त्यातला एक पट्टाच माझ्यापर्यंत पोचत नव्हता. आणि ८५ डेसिबल आठ तास चालतं पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं, हा हिशोब तुम्ही कागदाच्या मागे लिहून दिलात. तो कागद आता आमच्या पथकाच्या गोडाउनमध्ये चिकटवलाय, जिथे आधी फक्त सरावाची वेळ लिहिलेली असायची.

गेलेलं परत येत नाही हे तुम्ही लपवलं नाहीत. त्याबद्दल पण थँक्यू, कारण थेंबांवर अजून वर्ष घालवलं असतं मी. पण झोपेसाठी जे सांगितलंत ते लागू पडलं. एकदम शांततेत झोपू नका, पंखा किंवा पावसाचा आवाज शिट्टीपेक्षा जरा खालीच ठेवा, तिला बुडवायचं नाही, सोबत द्यायची. पहिल्या आठवड्यात काही फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात एकदा सकाळी उठल्यावर लक्षात आलं की रात्री मी तिचा विचारच केला नाही.

आणि बसमध्ये गाणी ऐकू नका, किंवा बाहेरचा गोंगाट कापणारे हेडफोन घ्या, कारण इंजिनच्या आवाजावर मात करायला माणूस नकळत वाढवत जातो. घेतले. हप्त्यावर. आता आवाज निम्म्याच्या जरा वर, आणि असाच मी 'इटर्नल ब्लू' पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला, म्हणजे खऱ्या अर्थाने पहिल्यांदा. माझं मत आता सांगतो, तुम्ही विचारलं होतंत ना, "नक्की आवडतं काय यात?"

मला वाटायचं हा ब्रेकडाउनचा अल्बम आहे. नाहीये. हा वाट बघायला लावणारा अल्बम आहे. पहिलंच गाणं 'सन किलर', ते बारीक इलेक्ट्रॉनिक आवाजावर सुरू होतं, कोर्टनी जवळजवळ कुजबुजते, आणि गाणं चढतं ते इतकं हळू की मोठ्या आवाजात ऐकणारा माझ्यासारखा माणूस पुढे ढकलून मोकळा व्हायचा. कमी आवाजात ती चढण कळते. शेवटी ती फुटते तेव्हा आवाज वाढवायची गरजच पडत नाही, आधीची शांतता ते काम करून गेलेली असते. 'सर्कल विथ मी' मध्ये पण तेच, गोड गळ्याने सुरू आणि शेवटाकडे त्याच गळ्यातून ते दुसरं जनावर, आणि दोघांच्या मध्ये सांधा कुठे आहे ते मी अजून शोधतोय.

'सीक्रेट गार्डन' आणि 'द समिट' ला मी पॉप म्हणून नावं ठेवायचो. आता ती दोन माझी सगळ्यात आवडती. माइकच्या गिटारी एवढ्या खाली लावलेल्या असतात की त्या सुरापेक्षा ठेक्याचं काम जास्त करतात, आमच्या ढोलाच्या थापेसारखं, आणि त्यावर तिचा आवाज तरंगतो. ढोल-ताशात पण असंच आहे, ढोल जमीन धरतो आणि ताशा बोलतो. फक्त तिचा ताशा कान फोडत नाही.

सगळंच भारी असं मी म्हणणार नाही, तुम्ही पण खोटं ऐकून घेणाऱ्यातल्या वाटला नाहीत. बारातली पाच गाणी अल्बम यायच्या आधीच येऊन गेलेली, त्यामुळे तेव्हा अर्धा अल्बम शिळा वाटला होता आणि ते मत मी मागे घेत नाहीये. 'वी लिव्ह इन अ स्ट्रेंज वर्ल्ड' माझ्यापाशी अजून थांबत नाही. गिटारचा तो तुटक तुटक ठेका दोन-तीन ठिकाणी इतका सारखा येतो की हे मघाचंच गाणं आहे का असं वाटतं. आणि 'होली रोलर', ज्याच्यावर मी दोन महिने कान जाळले, ते कमी आवाजात तेवढं मोठं वाटत नाही, चांगलं आहे, पण त्याची अर्धी ताकद माझ्या व्हॉल्यूमच्या बटनात होती असं आता वाटतं.

शेवटचं 'कॉन्स्टन्स' तिने गेलेल्या आजीसाठी लिहिलंय. २०२१ मध्ये मी ते एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं, ब्रेकडाउन कधी येतो म्हणून पुढे ढकलायचो. परवा रात्री पंखा चालू, शिट्टी आपली बाजूला बसलेली, आणि ते गाणं संपेपर्यंत मी फोनला हात लावला नाही. आमची आजी शेवटी शेवटी ऐकायची नाही, आम्ही तिच्या कानाशी जाऊन ओरडायचो आणि ती म्हणायची ओरडू नका रे, समोर येऊन बोला. ते तेव्हा आम्हाला हट्ट वाटायचा. तुम्ही आईला जे सांगितलंत, मागून हाक मारू नका, तोंड दिसेल असं बोला, ते ऐकून आई घरी येईपर्यंत रिक्षात गप्पच होती.

ज्या मित्राशी भांडलो होतो त्याला फोन करून सांगितलं की मिक्स बरोबर आहे, माझा कान चिखल आहे. तो आधी हसला, मग म्हणाला माझ्या पण कानात कधी कधी वाजतं रे. त्याला तुमचा पत्ता दिलाय.

आणि एक. पथकासाठी आम्ही ते फिल्टरवाले इअरप्लग मागवलेत, तुम्ही दाखवलेले, जे सगळंच सारखं खाली आणतात, नुसता वरचा आवाज कापत नाहीत. पोरं आधी म्हणाली मग मजा काय येणार, मी म्हटलं एक सराव लावून बघा. चौदा जण तयार झाले. ताशेवाला नाही. तो माझ्या डाव्या हाताचा, म्हणतो मला काही होत नाही, आणि त्याच्या घरी टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यावर जातो.

पुढच्या महिन्यात माझी परत टेस्ट आहे ना, तेव्हा त्याला सोबत आणतोय, चहा पाजतो म्हणून सांगून. दोन अपॉइंटमेंट धरा, आणि मशीन सुरू केल्यावर प्लीज त्याला सांगू नका.

तुमचा,
डावीकडे पन्नासवाला